म्हस्कूची जागा

आपल्या माघारी बिरूशी बोलायला सुरुवात कोण करणार, ही काळजी रतनच्या मानगुटीवर बसली होती ती उतरायलाच तयार नव्हती. भाकरी थापताना ती असायची, गिरणीत दळणासाठी उभं असताना असायची. दादासो म्हणायचे, "अगं, आपण काय उद्याच चाललोय का?" नवऱ्याचं म्हणणं खरं होतं. पण उद्या नाही तर कधीतरी, जायचं तर होतंच.

तिचा मुलगा बिरू मुका नव्हता. डोक्याला मार लागल्यापासून त्याचं असं झालं होतं, की वाक्याची सुरुवात त्याला सापडत नसे. शेवट मात्र सापडे. कुणी म्हटलं, "बिरू, तुला तहान..." की तो म्हणायचा, "लागली." "अंघोळीचं पाणी..." "गार हाय." आजोबा तर त्याची गंमत करायचे. जेवायला बसलं की मोठ्यानं म्हणायचे, "आज सूनबाईची आमटी लई..." आणि बिरू गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "खारट." मग दोघं हसायचे, रतनसुद्धा हसायची. पण समोरच्यानं तोंडच उघडलं नाही, तर बिरू सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गप्प.

मार लागल्यानंतरच्या उन्हाळ्यात स्टोव्हशेजारी टाकलेल्या फडक्यानं पेट घेतला होता. रतन मागच्या दाराशी कपडे वाळत घालत होती, मध्ये फक्त एक भिंत. धुराचा वास आला म्हणून ती धावत आत आली, तर बिरू जमिनीवर पडलेला. उठायला गेला असावा आणि अजून लुळा असलेला उजवा पाय मुडपला असावा. फडकं जळत होतं, आणि बिरूचं तोंड 'आ' करून उघडं होतं. घामानं डबडबला होता. हाक मारली तर पोचेल एवढ्या अंतरावर आई होती आणि पोराला 'आई' म्हणता आलं नव्हतं. तिनं घागर ओतून आग विझवली. पण ते उघडं तोंड तिच्या डोळ्यांपुढून पुढे कधी हललं नाही.

बिरूचं कागदावरचं नाव बिरदेव. ते आप्पांनी, म्हणजे रतनच्या सासऱ्यांनी ठेवलेलं. रतन बारामतीच्या कॉलेजातून बी. ए. झालेली, तिनं मनात दुसरंच काही नाव धरलं होतं. पण आप्पांनी बारशाच्या आधीच देवाला कबूल केलेलं. "देवाला दिलेला शबूद आन मेंढराला घातलेली खूण पुसत न्हाय," म्हणून त्यांनी विषय मिटवला. आप्पांची वस्ती मोरगावच्या पलीकडं माळावर. उमेदीच्या काळात मेंढरं घेऊन ते पार मावळापर्यंत हिंडले. पुढे दादासो शिकले, वालचंदनगरला फिटर म्हणून लागले, मेंढरं विकली गेली आणि आप्पा लेकाच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे मेंदीचं कुंपण. बिरू तिथंच वाढला, आयटीआय झाला. पण जीव त्याचा वस्तीवर. शाळेला सुट्टी लागायचा अवकाश, पोरगं एसटीच्या खिडकीत.

वस्तीवर त्याचा म्हस्कू होता. दादासोंच्या चुलतभावाचा मुलगा, बिरूहून थोडा थोरला. बाप सोनबा लवकर गेला. आई सारजा, चार शेरडं आणि बाजरीचं कोरडवाहू रान, एवढाच संसार. पण म्हस्कूचा गळा असा खडा, की तो गायला लागला की माळाच्या त्या टोकाला चरणारी शेरडंही मान वर करायची.

त्यांच्या वस्तीच्या मेळ्यात ओवी दोघं मिळून गायचे. एकजण पुढे होऊन ओळ टाकायचा, दुसरा त्या ओळीचं शेपूट धरून ती पुरी करायचा, आणि मागून ढोल उठायचे. टाकणाऱ्याला सगळा मान. झेलणाऱ्याकडं कुणी फारसं बघत नसे, पण तो चुकला तर टाकणारा तोंडघशी पडे. म्हस्कू टाकायचा, बिरू झेलायचा. लहानपणापासून हे ठरूनच गेलेलं.

म्हस्कू क्वार्टरवर आला की रतनला चिडवायचा. "काकी, तुमचा इंजिनेर बगा, जलमभर माज्या मागंमागंच गातुय."

"ढोल घेऊन कंपनीत जाणार आहे का तो?"

"जाऊ दे की! भोंग्याच्या जागी ह्याला हुबा करा. शिफ्ट येळंवर सुटल आन लोक नाचत घरी जातील."

पंचाण्णव सालच्या माघात वस्तीवरच्या जत्रेचं गाणं आटोपून दोघं म्हस्कूच्या एम-एटी गाडीवरून वालचंदनगरला निघाले. बिरूला सकाळची शिफ्ट होती. वाटेत उसाची ट्रॉली रस्त्यावरच बंद पडून उभी होती, मागे दिवा नव्हता. म्हस्कू जागीच गेला. पहिले पोचलेले लोक सांगत, की दुसरं पोरगं शुद्धीवर होतं, त्याच्या उशालाच बसलेलं. दवाखान्यात नेईपर्यंत मात्र बिरूची शुद्ध हरपली. बारामतीहून त्याला पुण्याला हलवलं, डोक्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानं डोळे उघडले तोवर वस्तीवर म्हस्कूचे सगळे दिवस होऊन गेले होते.

त्याला एवढ्यात काही सांगायचं नाही, असं घरात ठरलं. एवढ्यात म्हणजे कधीपर्यंत, ते कुणी ठरवलं नाही. डॉक्टरांना विचारायला हवं होतं, तेही राहून गेलं. आणि सांगण्याची वेळही येईना. बिरूला प्रश्न सुरू करता येत नव्हता. तो म्हस्कूबद्दल विचारू शकत नव्हता, म्हणून कुणाला खोटं बोलावं लागलं नाही. रतनला कधीकधी वाटे, खोटं बोलावं लागलं असतं तर बरं झालं असतं.

पुण्याच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी बिरूला वय विचारलं. त्याचे ओठ नुसते हलले. मग त्यांनीच सुरुवात करून दिली, "एक, दोन..." तर बिरू जो सुटला तो थांबेचना. पन्नास गेले, साठ गेले. बाकावर बसलेले आप्पा कळवळून म्हणाले, "आरं थांब, माज्याम्होरं चाललास की!" मॅडम हसल्या आणि मग त्यांनी रतनला समजावून सांगितलं, की बोलायचं काम मेंदूच्या ज्या भागाकडं असतं तो दुखावलाय, पण गाणं, पाढे, पाठ झालेल्या गोष्टी दुसरीकडं असतात, त्या शाबूत आहेत. "त्याच्या अंगात मुरलेलं जे काही गाणं असेल, ते रोज त्याच्याकडून गाऊन घ्या. त्याच्या मागून शब्द येतील."

रतननं आधी आरती म्हणून पाहिली. शाळेतल्या कविता म्हणून पाहिल्या. बिरू नुसता तिच्या तोंडाकडं बघत बसायचा. त्याच्या अंगात काय मुरलंय, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या पत्र्याच्या पेटीत एक कॅसेट होती, त्याच जत्रेत आदल्या वर्षी कुणीतरी भरून घेतलेली. तिच्यात म्हस्कू आणि बिरू दोघं गात होते. ती कॅसेट हातात घेऊन रतन दुपारभर बसून राहिली. शेवटी दिवेलागणीला तिनं टेपचं बटण दाबलं.

आधी माणसांचा गलका, कुणाचं तरी खोकणं, ढोलाची एक थाप. आणि मग म्हस्कूचा आवाज घरात उभा राहिला.

"कऱ्हेच्या पाण्यालाऽऽ उतरला कळप..."

"उतरला कळप, रं देवा, उतरला कळप," बिरू म्हणाला. टेपमधला बिरू आणि खाटेवरचा बिरू, दोघं एकदम. शब्द न् शब्द सरळ, एका जागी जीभ अडखळली नाही. आप्पा भिंतीला टेकून रडायला लागले. दादासो अंगणात गेले आणि तोंड धुऊन आत आले.

तिथून पुढे कॅसेट रोज लागू लागली. मॅडमचं म्हणणं खरं ठरलं. ओवीच्या मागून साधे शब्द आले. पाणी, भाकर, दुखतंय, नगं. उजव्या हातानं ढोलाचं टिपरू धरवेना ते धरवायला लागलं. आधी कुठंही पडणारं टिपरू हळूहळू तालावर पडू लागलं. सहा महिन्यांनी पुण्याला दाखवलं तेव्हा मॅडमनी बिरूच्या पाठीवर हात ठेवला. "छान. आता सुरुवातही त्यालाच करू द्या. तुम्ही गप्प राहून बघा." रतन गप्प राहून बघायची. घर गप्प राहायचं. सुरुवात यायची नाही.

आणि दुसरंही काहीतरी घरात सुरू झालं होतं, ज्याबद्दल कुणी बोलत नसे. दिवे लागले की म्हस्कू यायचा. दुसरा शब्दच नव्हता त्याला. बिरू घोंगडी अंथरायचा आणि स्वतः डाव्या अंगाला बसायचा. उजवी बाजू मोकळी. त्या मोकळ्या जागेवर घरातलं कुणी बसत नसे, चुकून पाय पडला तर आप्पा पटकन मागे घेत. गाणं सुरू व्हायच्या वेळेला दादासोंना बाहेर काम निघायचं. आप्पा मारुतीच्या पाराकडं निघून जायचे. रतन एकटी आत चहा करत असायची, आणि एकदा तिच्या लक्षात आलं की आपण एक कप जास्तीचा भरलाय. कुणासाठी, हे मनातसुद्धा न म्हणता तिनं तो मोरीत ओतला. म्हस्कूला साखर जास्त लागायची. कपाच्या तळाशी साखर साठली होती.

शहाण्णव सालचा पावसाळा संपत आला होता. एका संध्याकाळी शेजारच्या शकुबाईनं कुंपणावरून हाक मारली.

"ओ बिरूची आई, पावणी गेली का तुमची?"

"कोण पाहुणी?"

"अवो, मघाधरनं कुंपणापाशी हुबी हुती की! डोक्यावर पदर, काखंत गठुडं. म्या म्हनलं, आत जा बाई, हितं काय हुबी ऱ्हायलीस. तर म्हनली, आत माजं पोरगं गातंय, मी हितंच बरी."

रतनच्या हातातलं सूप खाली पडलं. ती तशीच चपला घालून स्टँडकडं पळाली. सारजा बाकड्यावर बसली होती. अंगानं निम्मी झाली होती. गठुड्यात बाजरी होती, बिरूसाठी आणलेली.

"सारजाक्का, दारातून परत चाललात? आत तर यायचं!"

"कशी यिऊ?" सारजा म्हणाली. "तुमी त्याला सांगितलं न्हाय न्हवं? मला बगून त्यो म्हस्कूला हुडकल."

रतन तिच्याशेजारी बसली. सारजानं विचारलं. "येक सांग. रोज लावती त्येचा आवाज?"

"रोज. संध्याकाळी. त्यानंच बिरूला शब्द येतात, आक्का. नाहीतर मी लावला नसता हो."

"व्हय, व्हय. लाव की. म्या कुठं नगं म्हंती." सारजानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पर वरीस हून गेलं, माज्या सपनात त्यो येकदाबी आला न्हाय बग. म्हस्कूचं वडील येत्यात, माजी आई येती. ह्योच येत न्हाय. म्हनलं, गेलं कुठं माजं पोरगं. आज कळलं. त्यो तुज्याकडं ऱ्हातुय."

हे ती साध्या आवाजात म्हणाली. चिडून बोलली असती तर रतनला उत्तर देता आलं असतं.

मग सारजानं ती गोष्ट काढली, जिचा निरोप तिनं वर्षश्राद्धालाच धाडला होता आणि रतननं 'सध्या नको' म्हणून परत पाठवला होता. म्हस्कूची जागा सोडवायची होती. त्यांच्या मेळ्यात ओळ टाकणारा मेला, की त्याची जागा बंद होते. मग मेळा जमतो. त्याची आई नाहीतर बायको पुढे येते, ढोलाला भंडारा लावते आणि त्याची एक ओळ आपल्या तोंडानं म्हणते. एरवी बायका त्या मेळ्यात गात नाहीत. तेवढी एकच ओळ. मग ती टिपरू ज्याच्या हातात देईल, ती जागा त्याची. आणि त्याच्यानंतर मेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा उठवायचा नाही. त्याच्या जोडीचा झेलणारा समोर असल्याशिवाय हे होत नाही. म्हणजे बिरूशिवाय होत नाही.

"समदा मेळा बसून हाय, रतन. औंदा जत्रंत ढोल वाजलं, पर ओवी झाली न्हाय. लोकं मला काय म्हनत न्हाईत. मीच तोंड चुकवती."

रतनला सगळं कळत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे टेप बंद पडलेलं घर आलं, आणि ते उघडं तोंड आलं. जागा सोडवली की कॅसेट संपली. कॅसेट संपली की शब्द संपले, तर?

"डॉक्टर नको म्हणालेत," ती म्हणाली. "धक्का बसला तर झटके येतील म्हणाले."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.

सारजानं तिच्याकडं नीट बघितलं. गाडी लागली तशी ती उठली, बाजरीचं गठुडं रतनच्या मांडीवर ठेवलं. "कवा मनात आलं तर मोरगावला भीमाच्या दुकानात फोन कर. त्यो वस्तीवर निरोप धाडतो." पायरीवर चढून ती वळली. "आन येक कर. आवाज लावशील तवा दार लोटून घेत जा. त्येला वाऱ्याचा तरास हुता, घसा बसायचा."

दार लोटून घ्यायची सवय रतनला लागली, ती तेव्हापासून. आणि लोटलेल्या दारामुळं आवाज आणखीच घरभर व्हायचा.

दिवाळीच्या आधी वीज सारखी जायला लागली. टेपला सेल घालून भागवावं लागे. सेल उतरले, की म्हस्कूचा आवाज खाली खाली जायचा. विहिरीच्या तळातून माणूस बोलावा तसा. गंमत म्हणावी की काय म्हणावं, बिरूही त्याच्याबरोबर खाली उतरायचा. तितकाच संथ, तितकाच जड. रतन सैपाकघरातून धावत जाऊन बटण बंद करायची.

अशाच एका संध्याकाळी टेप एकदम थांबला. सेल पार संपले होते. रतन कंदील घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. बिरू थांबला नव्हता.

"आला मेंढका, रं देवा, आला मेंढका," तो गायला, ढोलावर थाप दिली, आणि गप्प झाला. मान उजवीकडं झुकलेली, मोकळ्या घोंगडीकडं. थोडा वेळ गेला. मग पुन्हा, "वाट बघी, रं देवा, वाट बघी." पुन्हा थाप, पुन्हा गप्प. मधली शांतता बरोबर म्हस्कूच्या ओळीएवढी होती. ना कमी, ना जास्त. एवढे महिने ऐकून रतनला ती कॅसेट पाठ झाली होती, आणि तिला ती शांतता ऐकू यायला लागली. 'काठीला टेकून हुबा धनगर...' टेप बंद होता, म्हणणारं कुणी नव्हतं, आणि तिला ऐकू आलं. 'हुबा'वर म्हस्कू घ्यायचा तो हेलसुद्धा.

भीतीपोटीच तिनं ते केलं. ती शांतता कशानंतरी भरून काढायची म्हणून ती घोंगडीजवळ गेली, बिरूसमोर बसली आणि म्हस्कूची पुढची ओळ तिनं आपल्या तोंडानं सुरू केली. "माळाच्या..."

बिरूनं हातातलं टिपरू टाकलं. त्याचा उजवा हात, जो अजून पेला धड धरू शकत नव्हता, तो वर आला आणि तिच्या तोंडावर बसला.

"न्हाय," तो म्हणाला. "म्हस्कूची हाय ती."

कुणी सुरुवात करून दिली नव्हती. दीड वर्षाहून जास्त काळ रतन ज्याची वाट पाहत होती, ते पहिलं वाक्य हे होतं. ती हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. पोराचा हात अजून तिच्या ओठांवर होता.

पारावरून परतलेले आप्पा दारात उभे होते.

"आप्पा, ऐकलंत? आपणहून बोलला तो!"

"ऐकलं की."

"मग असं तोंड का केलंत?"

आप्पांनी काठी भिंतीला लावली आणि सावकाश खाली बसले. "तू ती ओळ घ्यायला नगं हुतीस, पोरी."

"का? मागं म्हस्कूचा घसा बसला होता तेव्हा तुम्ही नव्हती का घेतली? याच बिरूनं झेलली होती की."

"घेतली की. तवा त्यो जिता हुता." आप्पा बिरूकडं न बघता बोलत होते. "जित्या मानसाची ओळ कुनीबी घ्यावी, त्यो आला की म्हागारी द्यावी. त्यात काय न्हाय. मेलेल्याची घेत न्हाईत, सोडवल्याबिगर."

बोलून झाल्यावर आप्पांच्या लक्षात आलं, की आपण काय बोललो आणि कुणाच्या देखत. त्यांनी चपापून तोंडावर हात ठेवला. पण बिरू दचकला नव्हता. तो टिपरू उचलून त्याला लागलेली धूळ पुसत होता.

रतन त्याच्याकडं बघत राहिली. त्या मेळ्यात वाढलेलं पोरगं ते. म्हस्कू जिवंत आहे, आज ना उद्या येईल, असं त्याला वाटत असतं, तर त्यानं आईला ओळ घेऊ दिली असती. उलट खूष झाला असता. त्यानं तोंड दाबलं ते...

तिनं कंदील बाजूला ठेवला. काय करायचं ते तिला ठाऊक होतं. रोज दिवसभर ती तेच करत होती. पाण्यासाठी, भाकरीसाठी, औषधाच्या गोळीसाठी. फक्त हे एक वाक्य तिनं कधी सुरू करून दिलं नव्हतं. घरात कुणीच दिलं नव्हतं.

"बिरू," ती म्हणाली. ती त्याच्याकडं सरकली. "त्या दिवशी रस्त्यावर, म्हस्कू..."

"मेला," बिरू म्हणाला.

बाहेर शकुबाई कुणाला तरी काड्यापेटी मागत होती.

"आणि तू ते..."

"बघितलं."

"तू त्याच्याजवळ बसून..."

इथं तिला वाटलं होतं, तो 'रडत होतो' म्हणेल.

"गात हुतो," बिरू म्हणाला. "आईक म्हनून."

रतननं त्याचं डोकं ओढून छातीशी धरलं. टाक्यांची खूण तिच्या बोटांना लागली. एवढे दिवस आपण याच्यापासून एक गोष्ट लपवतोय, असं ती समजत होती, आणि तो ती गोष्ट एकटा घेऊन बसला होता, सगळी, रस्त्यासकट. रोज संध्याकाळी टेपमधून म्हस्कू बोलावायचा आणि बिरू उत्तर देत राहायचा, कारण उत्तर दिलं नाही तर त्या ट्रॉलीमागं पडलेल्या माणसाला ऐकू गेलं नसतं. आणि तिला वाटत होतं, यातून पोरगं बरं होतंय. होतही होतं. दोन्ही खरं होतं, आणि तेच तिला सोसेना.

"मग इतके दिवस तू मला..." तिनं विचारलं. त्या वाक्याचा शेवट बिरूलाही सापडला नाही.

ती उठली, पदरानं तोंड पुसलं. "आप्पा, जागा सोडवल्यावर सारजाक्का टिपरू कुणाच्या हातात देतील?"

"त्ये तिच्या मनावर. मेळ्यातला कुनीबी." आप्पा थांबले. "ह्याच्याबी हातात दील."

"त्याला ओळ टाकता आली नाही तर? सगळ्या वस्तीसमोर?"

"तर न्हाय आली."

"आणि कॅसेट बंद झाल्यावर आहे तेही बोलणं गेलं तर?"

आप्पांनी मान हलवली. नाही म्हणून नव्हे. माहीत नाही म्हणून. "मी मेंढरं राखली, सूनबाई. ह्येचं मला काय ठावं?"

त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं रतनकडंही नव्हती, आणि पुण्याच्या मॅडमकडं असतील असंही तिला वाटेना. पण माळावर एक बाई वर्षापेक्षा जास्त काळ आपल्या पोराच्या नावानं तोंड चुकवत होती, आणि ती ज्या कारणासाठी थांबली होती ते कारण खोटं होतं, दुहेरी खोटं. हे एवढं मात्र आता पक्कं माहीत होतं.

तिनं चपला पायात घातल्या.

"कुठं निगालीस अंधाराची?"

"चौकातल्या बूथवर. भीमाचं दुकान अजून उघडं असेल."

"दादासोला यिऊ दे की. त्याला इचार, मग कर फोन."

"ते आले की ते उद्यावर टाकतील, आणि मला ते बरं वाटेल," रतन म्हणाली. "तुम्ही बिरूपाशी बसा."

"काय सांगशील सारजाला?"

"बिरूला सगळं माहीत आहे, हे आधी सांगेन. डॉक्टरांचं मी खोटं सांगितलं, तेही सांगेन. मग म्हणेन, मेळ्याला घेऊन कधी येताय ते सांगा, नाहीतर आम्ही बिरूला घेऊन वस्तीवर येतो."

आप्पा घोंगडीकडं सरकले आणि बिरूच्या डाव्या अंगाला, भिंतीला खेटून बसले. रतननं दार ओढून घेतलं. मग पुन्हा उघडलं, सताड, आणि तसंच ठेवून ती बूथच्या दिशेनं चालू लागली.